घरचा कॉम्प्युटर बिघडला तर आधी काय, मग काय: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

घरातला कॉम्प्युटर चालेनासा झाला की ओळखीच्या इंजिनिअरला फोन जातो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "फॉरमॅट मारावा लागेल." संध्याकाळपर्यंत मशीन सुरू होतं, छान पळायलाही लागतं. आठवड्याभराने कुणीतरी मुलीच्या बारशाचे फोटो शोधायला बसतं, तेव्हा फोल्डर रिकामा असतो. सोसायटीतली आणि नात्यातली अशी मशीनं मी बरीच वर्षं बघतो आहे. मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. मोठं नुकसान होतं ते घाईत उलट्या क्रमाने कामं केल्यामुळे. म्हणून नव्याने या गोष्टीला सामोरं जाणाऱ्यांसाठी हा क्रम लिहून ठेवतो. आधी डेटा, मग मशीन. रॅम, एसएसडी, मदरबोर्ड सगळं बाजारात विकत मिळतं. आजोबांनी स्वतः टाइप केलेल्या आठवणी मिळत नाहीत.

१. स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी यादी करा

"माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, सी फॉरमॅट केला तरी चालेल," असं अनेकजण ठामपणे सांगतात. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही चारही ठिकाणं मुळात सी ड्राइव्हवरच असतात. शिवाय बऱ्याच घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

बाजूला काढायच्या गोष्टी:

- वरची चारही फोल्डर्स, घरातल्या प्रत्येकाच्या लॉगिनची वेगवेगळी
- टॅलीचा डेटा फोल्डर (सोसायटीचा हिशेब ज्यांच्या घरी आहे त्यांनी हा सगळ्यात आधी)
- आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल
- ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड
- जुने मराठी फॉन्ट आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर
- बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावते ते कुलूप) रिकव्हरी की

शेवटच्या दोन गोष्टींवर थोडं थांबतो, कारण घोळ तिथेच होतो.

श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांत टाइप केलेल्या जुन्या फाइलींमध्ये खरं तर देवनागरी अक्षरं साठवलेली नसतात. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. विंडोज नव्याने टाकली की तो फॉन्ट जातो आणि पत्रिका, लेख, सोसायटीची इतिवृत्तं उघडल्यावर नुसती गिचमीड दिसते. फाइल करप्ट झाली असं समजून लोक ती उडवतात. उडवू नका, फाइल शाबूत आहे. तो फॉन्ट परत टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून हे फॉन्ट कॉपी करून घ्या. सॉफ्टवेअरची सीडी आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी चावी) असेल तर तेही एका पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा. सवड मिळेल तेव्हा महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या आणि प्रत्येकीची एक पीडीएफही काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, त्यामुळे ती कुठल्याही मशीनवर नीट दिसते.

आता बिटलॉकर. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक वेळा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आपल्याला पत्ताही नसतो. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग) काही हलवलं की निळी स्क्रीन येते आणि ४८ अंकी की मागते. ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही. मशीन चालू असतानाच मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या डिव्हाइसेस पानावर जाऊन ती की शोधा आणि कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा.

मशीन चालूच होत नसेल तर डिस्क बाहेर काढून सॅटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. दुकानात केबल मागताना हे सांगा, नाहीतर चुकीची घेऊन याल.

२. बिघाड नेमका कुठला ते ओळखा

काहीच चालू होत नाही, दिवासुद्धा लागत नाही: आधी स्पाइक बस्टर आणि यूपीएस बाजूला करा, केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. मग एसएमपीएसवर (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) संशय घ्या.

पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही: आपल्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून आतली उरलेली वीज जाऊ द्या, रॅम काढून पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, रबराचे कण झटका आणि परत बसवा. मदरबोर्ड गेला असं सांगितलेली मशीनं एवढ्यावर चालू झालेली मी पाहिली आहेत.

तारीख सारखी मागे जाते, बँकेच्या साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतात: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला आहे. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. यासाठी विंडोज बदलायची काही गरज नाही.

मशीन तापून आपोआप बंद पडतं: धूळ. घोडबंदर रोड, घणसोली, उलवे अशा बांधकामं चालू असलेल्या भागांत वर्षातून दोनदा तरी साफसफाई हवी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

सगळंच हळू चालतं, फाइल उघडताना मशीन अडकून बसतं: इथे डिस्क तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचून दाखवतं. हार्ड डिस्कसाठी ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), बदलायच्या प्रतीक्षेतले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. शेवटच्या रकान्यातले आकडे शून्य असावेत. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल, किंवा ०५ दर आठवड्याला वाढत असेल, तर ती डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. त्याच दिवशी डेटा काढा.

३. डेटा गेलाच असेल तर

पहिल्या तासात तुम्ही काय करता आणि काय करत नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

चुकून डिलीट केलं, रिसायकल बिनही रिकामा केला. हार्ड डिस्क असेल तर फाइल लगेच पुसली जात नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. नवं काही त्या जागेवर लिहिलं गेलं की ती खरी जाते. म्हणून मशीन ताबडतोब बंद करा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं हीच मोठी घोडचूक ठरते, कारण ते नेमकं त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसतं. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, तिथून रिकव्हरी चालवा आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्याच ठिकाणी साठवा. फोटोरेक आणि टेस्टडिस्क ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. फोटोरेक फाइली परत आणतं, पण नावं आणत नाही. हजारो फोटो क्रमांकांच्या नावांनी येतात आणि ते लावत बसायला चिकाटी लागते. पूर्ण पार्टिशनच (सी किंवा डीसारखा डिस्कचा भाग) दिसेनासं झालं असेल तर टेस्टडिस्क.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कची, गोष्ट वेगळी आहे. विंडोज तिला ट्रिम नावाची आज्ञा देते आणि डिलीट केलेली जागा डिस्क आतून खरोखर मोकळी करून टाकते. थोड्या वेळात परत मिळण्यासारखं काही उरत नाही. ज्यांनी हल्लीच एसएसडी बसवली आहे त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: वेगासोबत ही जोखीमही घरात आली आहे, त्यामुळे बॅकअप आता आणखी गरजेचा.

पेन ड्राइव्ह लावला आणि "वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल" असा संदेश आला. कॅन्सल दाबा. अशा पेन ड्राइव्हवरचा आणि मेमरी कार्डवरचा डेटा बऱ्याचदा फोटोरेकने निघतो.

डिस्कमधून टक-टक आवाज येतो आहे. वीज काढा आणि पुन्हा चालू करू नका. आतला वाचणारा भाग चकतीवर घासत असू शकतो आणि प्रत्येक वेळी चालू करताना डेटा थोडा थोडा खरवडला जातो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आत दव धरतं. घरी झाकणही उघडू नका, धुळीचा एक कण चकती खराब करायला पुरतो. ही डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्यायची.

डिस्क दिसते, पण अडखळत वाचते. विंडोजमधलं चेकडिस्क चालवण्याचा मोह आवरा. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करतं, तुमच्या फोटोंची काळजी त्याला नाही, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर तो ताण शेवटचा ठरू शकतो. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारे भाग नव्या डिस्कवर उतरवून घेतं आणि मग अवघड भागांकडे वळतं. जाणकाराकडून ही प्रत करून घ्या, पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर.

पाणी शिरलं. २६ जुलै २००५ पाहिलेल्या तळमजल्यावरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. भिजलेली डिस्क चालू करू नका, हेअर ड्रायरने वाळवू नका, उन्हात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडे न्या. आतला चिखल वाळून चकतीला चिकटला की काम कठीण होतं. पावसाळ्यात सीपीयू जमिनीवर न ठेवता टेबलावर घ्या, एवढी काळजी फुकट आहे.

सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि पैसे मागणारी चिठ्ठी आली. हे रॅन्समवेअर. इंटरनेट आणि वायफाय तोडा, जोडलेली बाह्य डिस्क काढा, पैसे देऊ नका. नो मोअर रॅन्सम हा युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम काही प्रकारांसाठी मोफत चाव्या देतो. तुमच्या प्रकाराची चावी आज नसली तरी लॉक झालेल्या फाइली जपून ठेवा, पुढे मिळू शकते. "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा" अशी स्क्रीन मात्र नुसती फसवणूक असते. फोन करू नका, रिमोटचं कुठलंही अॅप टाकू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

४. विजेची बाजू

पहिल्या वळवाच्या पावसात वीज दोन-तीनदा झपकन जाते-येते, तेव्हाच बरीच मशीनं जातात. डेस्कटॉप असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्याच. तो दोन तास काम करण्यासाठी नसतो. फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला लागणारी काही मिनिटं त्याने मिळतात. आतली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते. वीज गेल्यावर यूपीएस लगेच मान टाकत असेल तर नवा यूपीएस न घेता फक्त बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नका, तो एकदम खूप वीज ओढतो. वायफायचा राउटर जरूर जोडा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाल्याला नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत ते फक्त नावाला असतं. दाब सतत कमी-जास्त होत असेल तर महावितरणकडे १९१२ वर तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्या.

५. अपग्रेड: पैसे कुठे घालायचे

मशीनमध्ये अजून हार्ड डिस्क असेल तर पहिले पैसे एसएसडीत. साध्या सॅटा एसएसडीचा वाचनाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास असतो, पण खरा फरक वेगळाच आहे. हार्ड डिस्कला प्रत्येक लहान फाइलसाठी आतला हात हलवावा लागतो, त्यात दहा मिलिसेकंदांच्या आसपास जातात. एसएसडीत हलणारं काही नाही. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली वाचते, म्हणून जुना लॅपटॉप एकदम तरतरीत वाटू लागतो.

सापळा: एम.२ प्रकारच्या (लहान पट्टीसारख्या) एसएसडी दिसायला सारख्या, पण जोडणी दोन प्रकारची: काही सॅटा आणि काही एनव्हीएमई असतात. तुमचा स्लॉट कुठली घेतो हे लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

रॅम त्यानंतर. डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळी असते. जुन्या लॅपटॉपना बऱ्याचदा १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते, तिथे वाढवता येत नाही. जुनी रॅम काढून दुकानात सोबत न्या, हा सगळ्यात सोपा मार्ग.

विंडोज १० चं नेहमीचं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी मशीनमधली सोय) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. "तुमचं मशीन चालणार नाही" असा संदेश आला तरी नवं घ्यायला धावू नका. अनेक मशीनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडतं. प्रोसेसरच जुना असेल आणि काम ब्राउझर, पत्रं, व्हिडिओ एवढंच असेल, तर लिनक्स मिंट टाकून मशीन आणखी काही वर्षं चालवा. युनिकोड मराठी त्यावर उत्तम चालतं. श्रीलिपीवर रोजचं काम असणाऱ्यांनी मात्र हा मार्ग घेऊ नये.

६. दुकानात जाताना

सोबत न्यायच्या गोष्टी: मूळ बिल, चार्जर, मशीनच्या आणि डिस्कच्या सीरियल नंबरचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि बिघाड केव्हा, काय करताना होतो हे लिहिलेली चिठ्ठी. बिजागर, कीबोर्ड, चार्जिंगचं दुखणं असेल तर डिस्क घरी काढून ठेवा. त्या कामांना ती लागत नाही.

जॉबशीटशिवाय (दुकानाने दिलेली दुरुस्तीची पावती) मशीन सोडू नका. त्यावर "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हे स्वतःच्या हाताने लिहा. डिस्क बदलली तर जुनी परत मागा, ती तुमची आहे. विंडोज परत टाकायची असेल तर क्रॅक (लायसन्सशिवाय चालवलेली चोरटी प्रत) चालणार नाही असं आधीच सांगा. विंडोजसकट विकत घेतलेल्या ब्रँडेड लॅपटॉपचं लायसन्स बहुतेक वेळा बायोसमध्येच असतं, तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप चालू होते. फुकटच्या अॅक्टिव्हेटरमधून व्हायरस घरात येतात.

साधे सुटे भाग नौपाड्यात किंवा वाशी-नेरूळमध्ये मिळतात, आणि वॉरंटीसाठी जवळचं दुकान सोयीचं. यादी मोठी असेल किंवा पूर्ण मशीन असेंबल करायचं असेल तर लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी पकडून ग्रँट रोड. वाशीहून कुर्ला-दादर करून तसंच. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दोन-तीन ठिकाणी भाव काढा, पण जीएसटी बिल आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉरंटी भारतात कोण देणार, हेही विचारा. बिल असूनही कुणी हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

डेटा रिकव्हरीवाल्याला चार प्रश्न: तपासणीचे पैसे वेगळे का? डेटा निघाला नाही तर किती द्यायचे? पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का? डिस्क उघडायची वेळ आली तर ती कुठे उघडणार? उत्तरं लेखी घ्या. समोरच्या टेबलावर स्क्रू काढायला सुरुवात झाली तर डिस्क उचलून बाहेर पडा.

७. बॅकअप, जो खरोखर उपयोगी पडेल

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घरासाठी याचा अर्थ असा: एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाह्य हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी. बाह्य डिस्क कायम जोडून ठेवू नका; रॅन्समवेअर आणि विजेचा झटका दोन्ही तिच्यापर्यंत पोचतात. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे, ती जीमेल आणि फोटोंसकट, त्यामुळे घरभराच्या फोटोंना पुरत नाही. एक डिस्क डोंबिवलीला बहिणीकडे किंवा पुण्याला भावाकडे ठेवायची आणि गणपती-दिवाळीला जाताना बदलून आणायची, ही पद्धत आमच्या नात्यात उत्तम चालली आहे.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून कॉम्प्युटरवर फाइल उडवली की क्लाउडवरूनही उडते. ती ३० दिवस रिसायकल बिनमध्ये राहते, मग संपलं. जुन्या सीडी-डीव्हीडींवरही विसंबू नका, आपल्या हवेत त्यांना बुरशी धरते. लग्नाची डीव्हीडी कपाटात असेल तर याच आठवड्यात कॉपी करा. एकमेव प्रत असलेली एसएसडी महिनोन्महिने बंद ठेवू नका.

दर तीन महिन्यांनी बॅकअपमधल्या कुठल्याही पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मराठी फाइल त्यात एक तरी हवी.

८. जुनं मशीन काढताना

नुसत्या डिलीटने डेटा जात नाही. हार्ड डिस्कवर पूर्ण फॉरमॅट करा, क्विक नाही. एसएसडी असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून सिक्युअर इरेज. बंद पडलेली डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी तिच्यात ड्रिलने आरपार भोकं पाडा. बाकीचं मशीन नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे द्या. आणि नव्या मशीनवर सगळं उतरवून झालं तरी जुनी डिस्क सहा महिने तशीच ठेवा. राहून गेलेला एखादा फोल्डर साधारण आयकर रिटर्न भरायच्या वेळीच आठवतो.